संदर्भ आणि कार्यवाही



सरकारी पत्रात सगळ्यात वर 'विषय' लिहितात आणि त्याखाली 'संदर्भ'. संदर्भ म्हणजे आधीचे कोणते पत्र, कोणता शासन निर्णय डोळ्यांपुढे ठेवून आपण हे लिहितो आहोत, त्याचा क्रमांक आणि तारीख. वीसेक वर्षे मी हेच काम करतो आहे. त्यामुळे एक गोष्ट अनुभवाने कळली आहे. काही कागद निघतात आणि त्याच महिन्यात मरतात, पुढे कोणीच त्यांचा क्रमांक लिहीत नाही. एखादा कागद मात्र असा निघतो की पुढची दहा-पंधरा वर्षे प्रत्येक फाईलवर त्याचाच संदर्भ. अशा कागदाला वजन आहे असे समजावे.

शास्त्रज्ञांच्या जगातही हीच रीत आहे, हे मला माझ्या भाचीमुळे कळले. ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत आली ती कागदांचा गठ्ठा घेऊनच. कॉलेजात तिला प्रकल्प दिला होता : आपल्या महाराष्ट्रात स्त्रियांच्या कॅन्सरवर कोणी संशोधन केले, त्यांचे कोणते निबंध छापून आले आणि जगाने त्यांची दखल किती घेतली. म्हणाली, "मामा, तुम्ही बी.कॉम. आहात. आकडे तुम्हाला कळतात. इंग्रजी मी सांगते, हिशोब तुम्ही बघा."

आधी मला ते सारे पतपेढीच्या खतावणीसारखे वाटले. एखाद्या डॉक्टरने संशोधन केले की तो निबंध लिहून मासिकाकडे पाठवतो. दुसरे जाणकार तो तपासतात, चुका काढतात, मग तो छापतात. पुढे दुसरा कोणी त्याच विषयावर लिहितो तेव्हा शेवटी आधीच्या निबंधांची यादी देतो. तोच संदर्भ. ज्याचा निबंध जास्त लोकांच्या यादीत, त्याचा मान मोठा. त्यातही एक निर्देशांक काढतात. होर्ह हिर्श नावाच्या अमेरिकेतल्या एका पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने २००५ मध्ये तो सुचवला. समजा एखाद्याचे २० निबंध असे आहेत की प्रत्येकाचा किमान २० वेळा संदर्भ दिला गेला आहे, तर त्याचा निर्देशांक २०. बढतीला, अनुदानाला हे आकडे बघतात. आमच्याकडे गोपनीय अहवाल असतो, तसेच समजा.

आता एवढ्यावरून माणसाचे मोल ठरते का, हा प्रश्न मला लगेच पडला. भाचीलाही पडला होता. तिच्या गठ्ठ्यात एक निबंध होता, त्याने त्याचे उत्तर अर्धेमुर्धे दिले.

हा निबंध २००९ च्या एप्रिलमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या अमेरिकेतल्या नामांकित नियतकालिकात आला. विषय : ग्रामीण भारतात गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची तपासणी. गावे कुठली? तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातली. पहिले नाव डॉ. आर. शंकरनारायणन यांचे. हे मूळचे केरळात काम केलेले डॉक्टर, नंतर फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेत होते. दुसरे नाव बार्शीचे डॉ. बी. एम. नेने. पुढे मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. सुरेंद्र शास्त्री, चौथे नाव कस्तुरी जयंत. शेवटचे डॉ. केतायुन दिनशॉ यांचे. त्या टाटा मेमोरियलच्या संचालक होत्या. जगभरच्या हजाराहून अधिक लेखांनी या एका निबंधाचा संदर्भ दिला आहे.

केले काय होते ते नीट सांगतो, कारण हे आपल्या बायांचे काम आहे. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया. गावांचे ५२ गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे हे गट चार भागांत वाटले. एका भागातल्या बायांची एच.पी.व्ही. या विषाणूची तपासणी. दुसऱ्यात पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. तिसऱ्यात गर्भाशयाच्या तोंडाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावायचे. आपल्या व्हिनेगरमध्ये असते तेच. मिनिटभर थांबायचे आणि पांढरा चट्टा उठतो का ते नुसत्या डोळ्यांनी बघायचे. चौथ्या भागाला काही नाही, जी नेहमीची सरकारी सेवा ती. काम १९९९ मध्ये सुरू झाले, तपासणी एकदाच केली आणि मग आठ वर्षे हिशोब ठेवला.

तक्ता भाचीने माझ्यापुढे ठेवला. विषाणूची तपासणी ज्या भागात केली तिथे ३४,१२६ बाया. त्यातल्या ३४ या कॅन्सरने गेल्या. ज्या भागात काहीच केले नाही तिथे ३१,४८८ बाया. त्यातल्या ६४ गेल्या. दर दहा हजारांमागे एकीकडे दहा, दुसरीकडे वीस. हा रोग पसरल्यावर सापडलेल्या बाया एकीकडे ३९, दुसरीकडे ८२. आणि ज्या बाया बोलावूनही तपासणीला आल्या नाहीत त्याही पहिल्याच भागात मोजलेल्या. म्हणजे हिशोब स्वतःच्या सोयीने केलेला नाही, हे मला आवडले. विषाणू नाही असे ज्यांच्या तपासणीत निघाले, त्यांच्यातली एकही बाई त्या आठ वर्षांत या कॅन्सरने मेली नाही. आयुष्यातली एक तपासणी आणि मरण निम्म्यावर. बाकी दोन पद्धतींत मृत्यूमध्ये तेवढा ठळक फरक दिसला नाही.

इथे मला माझी मावशी आठवली. मंगरूळपीर तालुक्यातल्या एका खेड्यात होती. पाळी जाऊन सात-आठ वर्षे झाली होती आणि २०१० मध्ये अंगावरून पुन्हा जायला लागले. आधी पांढरे, घाण वासाचे, मग लाल. तिने वर्षभर कोणाला सांगितले नाही. सांगणार कोणाला? घरात सुना, जावई, नातवंडं. जवळच्या गावातल्या एका डॉक्टरने आत न बघताच गोळ्या दिल्या, त्याही तीनदा. नागपूरला नेले तेव्हा तिसरी पायरी होती. २०११ च्या उन्हाळ्यात गेली. तो निबंध छापून तेव्हा दोन वर्षे झाली होती आणि ज्या गावांवर तो लिहिला ती एस.टी.ने एका रात्रीच्या अंतरावर होती.

म्हणून मी त्या गठ्ठ्यातला दुसरा, जुना निबंध जास्त वेळ धरून बसलो. त्याचा मान पहिल्याएवढा नाही. त्यावर पहिले नाव कस्तुरी जयंत यांचे. बार्शीला १९८७ मध्ये कॅन्सरची ग्रामीण नोंदवही सुरू झाली, देशातली पहिली ग्रामीण नोंदवही. बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके. शहरात अशी नोंद करणे सोपे, दवाखान्यात जा आणि रजिस्टर उतरवून घ्या. खेड्यातला रोगी दवाखान्यात पोहोचतच नाही, तर नोंद कशाची करणार? मग नोंदवहीची माणसेच गावोगाव फिरली. सरपंच, शिक्षक, दाई यांना भेटली. लोकांना बसवून सांगितले की पाळी गेल्यावर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मधेच जाणे, संबंधानंतर जाणे हे चांगले लक्षण नाही, दवाखान्यात या. नोंदीसाठी म्हणून हे सुरू झाले. काही वर्षांनी आकडे मांडले तर दिसले की बाया आता लवकरच्या पायरीवर येऊ लागल्या आहेत. ते १९९५ मध्ये 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर'मध्ये छापले. पुढच्या वर्षी ब्रिटनच्या मासिकात आणखी एक निबंध आला, की अशा बाया जास्त वर्षे जगतात. ना मशीन, ना विषाणूची चाचणी. नुसते जाऊन बोलले.

मी कारकून माणूस. नोंदवहीतून माणूस वाचल्याचे मी पहिल्यांदाच वाचत होतो.

आता एक अवघड गोष्ट. ती टाळून पुढे जाणे मला बरोबर वाटत नाही. तो चौथा भाग, ज्यांना काही दिले नाही, त्यांचे काय? असाच प्रयोग टाटाच्या डॉ. शास्त्रींच्या पुढाकाराने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून झाला. सुमारे दीड लाख बाया, वय ३५ ते ६४. निम्म्या बायांची दर दोन वर्षांनी ॲसिड लावून तपासणी, अशा चार फेऱ्या. निम्म्यांना फक्त माहिती. तमिळनाडूत दिंडीगल जिल्ह्यातही तसाच. एरिक सुबा नावाच्या अमेरिकन डॉक्टरने २०१४ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये जाहीर विचारले की तपासणीने जीव वाचतो हे श्रीमंत देशांना आधीच माहीत असताना गरीब बायांचा एक गट तपासणीशिवाय ठेवून त्यांची मरणे मोजायची, हे कोणत्या न्यायात बसते? तिन्ही ठिकाणच्या तपासणी न झालेल्या गटांत मिळून अडीचशेच्या वर बाया या रोगाने गेल्या होत्या. उस्मानाबादला पैसा अमेरिकेतल्या गेट्स फाउंडेशनचा होता, मुंबईला अमेरिकन सरकारच्या संस्थेचा. संशोधकांचे म्हणणे असे की भारतात तेव्हा तपासणी नावाची सोयच नव्हती, त्या बायांचे आम्ही काही काढून घेतले नाही, आणि इथल्या परिस्थितीत कोणती पद्धत चालते याचा पुरावा असल्याशिवाय सरकार हलले नसते.

दोन्ही बाजू मी दोनदा वाचल्या. डॉक्टरांचा हेतू खोटा होता असे मला वाटत नाही. बार्शीसारख्या ठिकाणी आयुष्य घालवणे सोपे नाही, तेवढ्या शिक्षणावर ते मुंबईत गडगंज झाले असते. पण 'नेहमीची सेवा' म्हणजे 'काही नाही' असा अर्थ ज्या देशात होतो, तिथे ते 'काही नाही' नेहमी कोणाच्या वाट्याला येते हे आपल्याला कोणी सांगायला नको. प्रयोग मलबार हिलवर झाला नाही. ६४ हा आकडा तक्त्यात एका चौकोनात मावतो. त्या ६४ घरांत कोणाची तरी माय होती, मावशी होती. निबंधावर डॉक्टरांची नावे आहेत. ज्या आरोग्यसेविका घरोघर गेल्या आणि ज्या बायांनी 'हो' म्हणून अंगठा दिला, त्यांची नाहीत. तशी पद्धतच असते म्हणा.

मुंबईच्या प्रयोगाची एक गोष्ट मात्र आपल्या मुलींसाठी सांगण्यासारखी आहे. तिथे तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावी शिकलेल्या बाया होत्या, चार आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या. २०१३ मध्ये शिकागोला कॅन्सरच्या डॉक्टरांच्या जागतिक परिषदेत निकाल मुख्य मंचावरून वाचला गेला : तपासलेल्या गटात मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. उस्मानाबादला ॲसिडच्या तपासणीने फार फरक पडला नव्हता, इथे पडला. इथे दर दोन वर्षांनी पुन्हा पुन्हा बघत होते, हे त्याचे एक कारण असावे. दहावी शिकलेली बाई नीट शिकवली तर असे काम करते, हे शिकागोच्या सभागृहाला सांगावे लागले. आपल्याकडे आशाताईंना कोण विचारते?

आता संदर्भाची फाईल पुढे कुठवर गेली ते बघा. ती जिनिव्हाला गेली. १७ नोव्हेंबर २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने या कॅन्सरचे निर्मूलन करायचे म्हणून मोहीम जाहीर केली. २०३० पर्यंत १५ वर्षांच्या आतल्या ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के बायांची वयाच्या पस्तिशीत आणि पुन्हा पंचेचाळिशीत चांगली तपासणी, आणि रोग सापडलेल्या ९० टक्के बायांवर उपचार. २०२१ मध्ये त्याच संघटनेने विषाणूची तपासणीच पहिली करावी, अशी शिफारस केली. त्या शिफारशीमागच्या पुराव्यात उस्मानाबादच्या बाया आहेत. लसीच्या बाबतीतही तेच. एकच डोस पुरतो का, हे बघायला भारतातल्या सतरा हजारांहून अधिक मुलींवर झालेला अभ्यास उपयोगी पडला, त्यात बार्शीही होती. २०२२ मध्ये संघटनेने एक डोसही चालेल असे मान्य केले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची या विषाणूविरुद्धची लस २०२३ मध्ये बाजारात आली.

आपल्या सरकारचाही कागद निघाला, २०१६ मध्ये. ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी ॲसिड लावून मोफत तपासणी सरकारी आरोग्य यंत्रणेत व्हावी. म्हणजे आदेश आहे, निधी आहे, कागद चांगला आहे. कार्यवाही? २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायांना विचारले की गर्भाशयमुखाची तपासणी कधी झाली का. देशभरात शंभरात दोन बायाही 'हो' म्हणाल्या नाहीत. आणि २०२२ च्या जागतिक अंदाजाप्रमाणे भारतात या एका कॅन्सरने वर्षाला सुमारे ८० हजार बाया जातात.

तपासणी पोहोचत नाही तिथे भीती आधी पोहोचते. बीडच्या ऊसतोड बायांचे प्रकरण तुम्ही वाचले असेल. २०१९ मध्ये सरकारने समिती नेमली तेव्हा तिथल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. अंगावरून जाते म्हणून बाई डॉक्टरकडे जायची. कित्येकींना सांगितले जायचे की पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल, काढून टाका. कर्ज काढून ऑपरेशन, पंधरा दिवसांत पुन्हा फडात. आपल्या वाशिम, रिसोड, मालेगावकडच्या बायांच्या तोंडी 'पिशवी काढली' हा शब्द काही कमी ऐकू येत नाही. वयाच्या पस्तिशीत पिशवी काढून बसलेली बाई मला ओळखीत दोन-तीन घरांत तरी दिसते. कॅन्सरचा संशय आहे की नाही हे मिनिटभर बघून कळण्याचा मार्ग याच महाराष्ट्रात तपासून, मोजून, छापून ठेवला आहे. त्याच महाराष्ट्रात न बघता कापणेही चालू राहिले. भाचीने हे दोन आकडे प्रकल्पात शेजारी शेजारी लिहिले. तिच्या मॅडमना ते विषय सोडून वाटले. मला नाही वाटले.

माझ्या भगिनींना एवढे सांगतो. हा विषाणू संबंधातून येतो, पण तो बहुतेक सगळ्या बायापुरुषांच्या अंगात कधी ना कधी येऊन आपोआप जातो. तो सापडला म्हणजे बाई वाईट, असे म्हणणाऱ्याने आधी स्वतःची तपासणी करून घ्यावी. काहींच्या अंगात तो मुक्काम करतो आणि कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षे घेतो. एवढा वेळ सगळेच कॅन्सर देत नाहीत. मधल्या काळात काहीच दुखत नाही, म्हणून दुखायची वाट बघायची नाही. खराब भाग सुरुवातीला सापडला तर गोठवून किंवा भाजून तिथल्या तिथे काढता येतो, पिशवी काढावी लागत नाही. मुलींच्या लसीबद्दल शाळेत आणि आरोग्य केंद्रात विचारा. लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी लागतेच.

वाशिममध्ये २०२४ पासून सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झाले आहे. पुढेमागे इथल्या डॉक्टरांचेही निबंध छापून येतील, त्यांचेही संदर्भ मोजले जातील. येवोत.

हे सगळे एका रात्री मी घरी मोठ्या हौसेने सांगत होतो. भाची तक्ते जुळवत होती. आमच्या सौभाग्यवती भाकरी थापत ऐकत होत्या. तव्यावरची भाकर उलटून म्हणाल्या, "एवढं अमेरिकेचं वाचता, पन मले कधी नेलं का दवाखान्यात?"

त्या बेचाळीस वर्षांच्या आहेत. मला उत्तर देता आले नाही.

पुढच्या मंगळवारी मी अर्धी रजा टाकली. भाची पुढे, आमच्या सौ., माझी बहीण आणि मोहल्ल्यातल्या आणखी तिघी असे आम्ही जवळच्या एका सरकारी दवाखान्यात गेलो. सिस्टर आधी म्हणाल्या, डॉक्टर नाहीत, गुरुवारी या. भाचीने शांतपणे सांगितले की ही तपासणी तुम्हीच करायची असते, सिस्टर, आम्हाला तसेच शिकवतात. त्या हसल्या. "येतच कोणी नाही, म्हणून सामान वर ठेवलंय," म्हणाल्या आणि खुर्चीवर चढून कपाटावरचा डबा काढला. पाचही जणींची तपासणी तासाभरात झाली. चौघींचे ठीक निघाले. एकीला जिल्ह्याच्या दवाखान्यात पुढच्या तपासणीला जायची चिठ्ठी मिळाली. कोणाला ते लिहीत नाही. तिच्यासोबत येत्या सोमवारी भाची जाणार आहे.

मी बाहेर बाकावर बसलो होतो. सह्या करायला म्हणून रजिस्टर माझ्यापुढे आले. सवयीने आधीची पाने उलटली. त्या वर्षात आमच्या आधी अकरा नावे होती. आमचे अनुक्रमांक १२ ते १६.